१९९१ ची शेवी पिकअप, ५.७ टीबीआय: कमी खर्चात दम कसा वाढवायचा?

शेवीस्वार

नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९९१ ची शेवी सी-१५०० आहे, ५.७ लिटर व्ही-८, वरती ते दोन इंजेक्टरवालं थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (टीबीआय), ७००आर४ ऑटोमॅटिक, टू व्हील ड्राइव्ह. सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने ३१ इंची टायर घालून ठेवलेत, दिसायला झकास दिसते पण ओढायच्या नावाने बोंब. सपाटीला एकटी असेल तर ठीक चालते, पण मागे ट्रेलर लावला आणि चढ लागला की पाय पार खाली दाबला तरी नुसता आवाज वाढतो आणि गाडी आपली आहे तिथेच, मग धाडकन खालच्या गिअरमध्ये पडते, जरा ओढते, पुन्हा वरच्या गिअरला जाते आणि पुन्हा तेच रडगाणं.

आयडल एकदम स्मूद आहे, तेल पीत नाही, चेक इंजिनचा लाइट लागत नाही. बजेट ५००-६०० डॉलर, आणि इंजिन खोलायचं नाहीये. वाचून वाचून डोक्यात हे सगळं आलंय: हेडर्स (एक्झॉस्टचे मोकळे पाइप), चिप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम), ७.४ बिग ब्लॉकची मोठी थ्रॉटल बॉडी, थ्रॉटल बॉडीखालचा स्पेसर. यातलं आधी काय करू म्हणजे पैसे वसूल होतील?

धडाकेबाज

५.३ लिटरचं इंजिन टाका आणि मोकळे व्हा 😀 १९९९ पासूनच्या सिल्व्हराडोतलं, भंगारच्या यार्डात ढिगाने पडलेली असतात. सुरुवातीचं मॉडेलसुद्धा २७० हॉर्सपॉवरचं होतं, तुमचं आहे २१०. टीबीआयवर पैसे घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल.

जुनालोखंड

५.३ टाका म्हणणं सोपं आहे रे बाबा, त्याच्याबरोबर वायरिंग, कॉम्प्युटर, माउंट, एक्झॉस्ट, आणि इंधनाचा पंपसुद्धा बदलावा लागतो कारण टीबीआय चालतं ९ ते १३ पीएसआयवर आणि त्या इंजिनाला पन्नाशीच्या पुढचं प्रेशर लागतं. गिअरबॉक्सचं वेगळंच. ५०० डॉलरमध्ये नुसतं इंजिन घरी येईल आणि दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून राहील.

शेवीस्वार, तुमच्या यादीतलं एकही सध्या विकत घेऊ नका. या इंजिनाला कारखान्यातून २१० हॉर्सपॉवर ४००० आरपीएमला आणि साधारण ३०० फूट-पाउंड टॉर्क २८०० ला मिळायचा. हे इंजिन मुळात खालच्या आरपीएमलाच ओढण्यासाठी बनवलेलं, हेडचे इनटेक पोर्ट स्वर्लवाले, म्हणजे आत मुद्दाम एक आडवी भिंत ठेवलीय हवा गरगरायला. त्यामुळे कमी आरपीएमला जळण मस्त होतं पण ४००० च्या वर हवाच पुरत नाही. वरून कितीही मोठं तोंड लावा, गळा तेवढाच राहणार. म्हणून मोठी थ्रॉटल बॉडी आणि हेडर्स यांचा फायदा जिथे दिसतो तिथे तुम्ही ट्रेलर घेऊन कधी जाणारच नाही.

पण तीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीत ते २१० तरी शिल्लक आहेत का हा पहिला प्रश्न. फुकटात बघण्यासारखं बरंच आहे आणि ते एका रविवारी होतं.

एक, कुणाला तरी आत बसवून इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही एअर क्लीनर काढून वरून बघा, थ्रॉटलच्या झडपा पूर्ण उभ्या होतात का. केबल ताणलेली असते, खाली जाडजूड मॅट असतं, आणि पूर्ण उघडतच नाही. लोक हजारो डॉलरचे पार्ट लावतात आणि झडप पाऊणच उघडत असते.

दुसरं म्हणजे एअर क्लीनरच्या नाकाड्यात एक फ्लॅप असतो, थर्मॅक म्हणतात त्याला. इंजिन थंड असताना तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून गरम हवा घेतो आणि गरम झाल्यावर बाहेरची थंड हवा घ्यायला हवा. तो गरमवर अडकून बसला की इंजिन दिवसभर तापलेली हवा ओढत राहतं, दम जातो आणि वर नॉकिंगही होतं, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून किणकिण आवाज. इंजिन तापल्यावर आरसा धरून बघा फ्लॅप कुठे आहे.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. टायमिंग लाइट लावायच्या आधी तो काळी रेघ असलेल्या फिकट तपकिरी वायरचा एकेरी कनेक्टर सोडवायचा, नाहीतर कॉम्प्युटर स्वतःच टायमिंग हलवत राहतो आणि तुम्ही जे मोजता त्याला काही अर्थ नसतो. बेस टायमिंग ० डिग्री असायला हवं. कनेक्टर सोडून इंजिन चालवलं की कोड ४२ साठवला जातो, त्याने घाबरू नका, नंतर बॅटरीची केबल थोडा वेळ काढली की जातो. आणि टायमिंगची खूण स्थिर न राहता नाचत असेल तर कॅम फिरवणारी टायमिंग चेन सैल झालीय. ते बघायला डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून थोडं पुढे फिरवा मग मागे, आणि रोटर कधी हलायला लागतो ते बघा. क्रँक बराच फिरला तरी रोटर ढिम्म, म्हणजे चेनमध्ये ढील. चेन ढिली झाली की कॅमही मागे पडतो आणि नेमका खालचा टॉर्क जातो.

लाइट लागत नाही म्हणता, पण साठवलेले कोड असू शकतात. डॅशखालच्या कनेक्टरचे ए आणि बी टर्मिनल वायरच्या तुकड्याने जोडा, किल्ली ऑन, इंजिन बंद. लाइट आधी १२ तीनदा दाखवेल, म्हणजे सिस्टिम ठीक बोलतेय, मग जे काही असेल ते प्रत्येक तीनदा. ४३ आला तर नॉक सेन्सरचं सर्किट, ४४ म्हणजे मिश्रण पातळ, ३३ किंवा ३४ म्हणजे मॅप सेन्सर. इथे लिहा काय येतं ते.

आणि ग्लव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर असेल, तीन-तीन अक्षरी कोडांची जंत्री. त्यात जीयू ने किंवा जीटी ने सुरू होणारा कोड कोणता आहे तेवढा सांगा. मला एक शंका आहे.

व्हॅक्यूमवाली

जुनालोखंड काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) भर घालते, कारण "सपाटीला ठीक, चढाला जीव जातो, पाय दाबला की नुसता आवाज" हे लक्षण तुंबलेल्या कॅटचंही असतं. व्हॅक्यूम गेज लावा, आयडलला साधारण १७ ते २१ इंच दिसायला हवं, मग २५०० आरपीएमला धरून ठेवा. सुई आधी थोडी पडून परत वर आली आणि स्थिर राहिली तर ठीक, हळूहळू खाली खाली सरकत गेली तर एक्झॉस्ट तुंबलाय. अजून पक्कं करायचं तर ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावा, २५०० ला सव्वा पीएसआयच्या वर गेलं तर गडबड आहे.

तुंबलेला असेल तर नवीन कॅट लावा, सरळ पाइप नको. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं फेडरल कायद्याने बेकायदा आहे, तुमच्या राज्यात टेस्ट असो वा नसो. आणि चांगल्या कॅटने या इंजिनाचा दम फारसा जातही नाही, उगाच बदनाम केलंय बिचाऱ्याला.

इंधनाचं प्रेशरही बघा. टीबीआयला गेज लावायला तयार व्हॉल्व्ह नसतो, लाइनमध्ये टी घालून मोजावं लागतं, तो जरा वैताग आहे. त्याआधी फ्रेमवरचा फ्युएल फिल्टर सरळ बदलूनच टाका, स्वस्त आहे. आणि टायमिंग लाइट हातात असेलच तर तो इंजेक्टरच्या फवाऱ्यावर मारा, फवारा हवेत थबकल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंना सारखी छत्री दिसली पाहिजे, एका बाजूला धार किंवा थेंब दिसले तर तो इंजेक्टर गेलाय.

शेवीस्वार

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, आभार. रविवार सत्कारणी लागला. एकेक सांगतो.

थ्रॉटल पूर्ण उघडतोय. कोड फक्त १२, बाकी काही नाही. थर्मॅकचा फ्लॅप मात्र खरंच गरमवर अडकला होता, व्हॅक्यूमची नळी चिरलेली आणि फ्लॅपचा सांधा गंजलेला, नळी बदलली, सांधा मोकळा केला, आता हलतोय. बेस टायमिंग ० च्याही मागे होतं, साधारण ४ डिग्री रिटार्ड, कोणीतरी कनेक्टर न काढता लावलेलं दिसतंय. ० वर आणलं. चेनमध्ये ढील आहे पण अगदीच वाईट नाही असं वाटतं, खूण नाचत नाही. व्हॅक्यूम १८ ला आहे आणि २५०० ला पडत नाही, म्हणजे कॅट ठीक. फिल्टर बदलला, जुन्यातून चहासारखं पाणी निघालं.

फरक? एकट्या गाडीला चांगला जाणवतो, पाय ठेवला की लगेच उचलते. पण ट्रेलर लावून त्याच चढावर नेली तर गिअरची तीच नाटकं, थोडी कमी एवढंच. स्टिकरवर जीयू४ आहे. आता चिप बघू का?

जुनालोखंड

तीच शंका होती. जीयू४ म्हणजे मागच्या अॅक्सलचा रेशो ३.०८, चाकं एकदा फिरायला शाफ्ट ३.०८ वेळा फिरतो. कंपनीने ही गाडी हायवेला पेट्रोल कमी पिण्यासाठी दिली होती, ओढण्यासाठी नाही, आणि त्यावर आधीच्या मालकाने ३१ इंची टायर चढवले. मूळचे २३५/७५आर१५ असतील, ते भरतात साधारण २९ इंच. टायर मोठा म्हणजे रेशो अजून उंच (आकडा अजून लहान, ओढ कमी), ३.०८ गुणिले २९ भागिले ३१, येतात २.८८. म्हणजे तुम्ही ट्रेलर ओढताय २.८८ च्या रेशोवर. कुठलं इंजिन खूश राहील.

आता आकडे बघा. ७००आर४ चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथा गिअर, ०.७० आहे. ६५ मैलांना ओव्हरड्राइव्हमध्ये तुमचं इंजिन फिरतंय फक्त १५०० आरपीएमच्या आसपास. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, तेव्हा १५०० ला पाय कितीही दाबा, २१० मधले निम्मेसुद्धा तिथे हजर नाहीत. म्हणून गिअरबॉक्स खाली उडी मारतो, तिसऱ्यात आल्यावर २१५०-२२०० होतात, बरं ओढतं, वेग धरला की परत ओव्हरड्राइव्ह, परत १५००, परत धाडकन.

याचा पहिला इलाज फुकट आहे. ट्रेलर लावला की लिव्हर ओव्हरड्राइव्हमध्ये ठेवायचाच नाही, डी मध्ये, म्हणजे तिसऱ्यात. ओव्हरड्राइव्हमध्ये सारखं वरखाली करत ओझं ओढलं की ७००आर४ चे क्लच जळतात, तेव्हा हे गिअरबॉक्ससाठीही करायचंच आहे.

दुसरा इलाज ३.७३ चा रेशो. ३.०८ वरून ३.७३ म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क २१ टक्के जास्त, इंजिनाला पाना न लावता. तिसऱ्यात ६५ ला साधारण २६०० आरपीएम येतील, तुमचा टॉर्क २८०० ला सगळ्यात जास्त आहे, म्हणजे अगदी जागेवर. हेडर्सने २१ टक्के मिळवून दाखवा या इंजिनात.

चिपतज्ज्ञ

गिअरबद्दल पूर्ण सहमत. चिपचं विचारलंय म्हणून लिहितो.

या गाडीचा कॉम्प्युटर आत येणारी हवा मोजतच नाही. मॅप सेन्सरवरून मॅनिफोल्डचं प्रेशर बघतो, आरपीएम बघतो आणि आतल्या तक्त्यावरून ठरवतो की एवढी हवा असणार, एवढं पेट्रोल द्या. निवांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सुधारत राहतो पण पाय पूर्ण दाबला की तो सेन्सर बाजूला ठेवून सरळ तक्त्याप्रमाणे चालतं. म्हणून हवा वाढवणारा काहीही पार्ट लावला आणि तक्ता तोच ठेवला, तर फुल थ्रॉटलला मिश्रण पातळ होण्याचा धोका, आणि पॉवर गेली उडत, नॉकिंग सुरू. ७.४ च्या थ्रॉटल बॉडीला तर कारखान्यात तुमच्या दुपटीहून जास्त प्रेशर असतं, २६ ते ३२ पीएसआय, तेव्हा तसंच उचलून बसवलं की चिपशिवाय निभाव नाही.

उलट इंजिन स्टॉक असताना विकतची चिप घातली तर ती करते काय, टायमिंग थोडं पुढे, पेट्रोल थोडं जास्त, टॉर्क कन्व्हर्टर लॉक व्हायची वेळ बदललेली. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण त्यातला बराचसा तुम्ही डिस्ट्रिब्युटर फिरवून मिळवू शकता. बेस ० च्या ऐवजी २ ठेवून बघा, मग ४. दर वेळी ट्रेलर लावून, गरम दिवशी, चढावर ऐका. किणकिण आवाज आला की मागे या. आवाज नाही आला तरी नॉक सेन्सर आतून टायमिंग मागे खेचत असू शकतो, अशा वेळी पुढे केलेलं सगळं वाया जातं आणि वर महागडं पेट्रोल भरून तुम्ही खूश. जास्त ऑक्टेनने आपोआप पॉवर वाढत नाही, नॉकिंग होत असेल तरच त्याचा उपयोग.

कधी खरंच शिकायचं असेल तर चिप स्वतः लिहिता येते. ट्यूनरप्रो फुकट मिळतं, लॅपटॉपला केबल लावून डेटा वाचता येतो, जरा सावकाश येतो पण येतो. मजा आहे त्यात. पण ती गंमत म्हणून, चढासाठी नाही.

आणि दोन गोष्टी अजिबात घेऊ नका. वायरमध्ये घालायचे ते रेझिस्टरवाले "पॉवर मोड्यूल", ते कॉम्प्युटरला फक्त खोटं सांगतात. आणि १६० डिग्रीचा थंड थर्मोस्टॅट, कारखान्याचा १९५ चा आहे तोच राहू द्या, नाहीतर कॉम्प्युटरला वाटत राहतं इंजिन अजून तापायचंय आणि पेट्रोल ओतत राहतो.

धडाकेबाज

बरं ५.३ नको तर निदान १९९६ नंतरच्या व्होर्टेक ५.७ ची हेड्स तरी? त्याच ब्लॉकला बसतात आणि ते इंजिन २५५ हॉर्सपॉवरचं होतं.

जुनालोखंड

बसतात, आणि ती हेड्स चांगलीच आहेत, हा मुद्दा मान्य. पण इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट जुळत नाहीत, टीबीआय बसेल असं वेगळं मॅनिफोल्ड घ्यावं लागतं, मग चिप, मग इंधनाचं प्रेशर. शिवाय जुनी व्होर्टेक हेड्स तडकलेली निघतात, तपासून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. इंजिन कधी उघडावंच लागलं तर तेव्हा जरूर करा. यांनी स्पष्ट सांगितलंय इंजिन खोलायचं नाही.

शेवीस्वार

डी मध्ये ठेवून त्याच चढावर नेली. वेगळीच गाडी वाटली राव! वेग थोडा पडतो पण ती धाडधाड बंद. आता ३.७३ चं मनात भरलंय, पण चौकशी केली तर नवीन क्राउन-पिनियन (अॅक्सलमधली दातेरी चाकांची जोडी), बेअरिंग आणि सेटिंगची मजुरी मिळून माझं बजेट पार करतंय. स्वतः करता येईल का?

व्हॅक्यूमवाली

क्राउन-पिनियन घरी बसवू नका, पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधली फट) हजारांश इंचात लावावं लागतं, चुकलं की गाडी रडत चालते आणि मग दात जातात.

त्यापेक्षा यार्डातून अख्खा मागचा अॅक्सल उचला, स्प्रिंगला यू-बोल्टवर बसतो, ब्रेकच्या लाइन आणि हँडब्रेकच्या केबल जोडल्या की झालं. तुमच्याच पिढीची टू व्हील ड्राइव्ह सी-१५०० शोधा, ग्लव्ह बॉक्समध्ये जीटी४ लिहिलेली, म्हणजे ३.७३. जी८० असेल तर सोन्याहून पिवळं, ते लॉकिंग डिफरेन्शियल. फक्त चाकाचे बोल्ट मोजा, तुमचे ५ आहेत, फोर व्हील ड्राइव्हवाल्या के-१५०० चे ६ असतात, तो आणलात तर मागे सहा बोल्टची चाकं आणि पुढे पाच अशी वरात निघेल.

बसवल्यावर स्पीडोमीटरचा सिग्नल नवीन रेशो आणि टायरप्रमाणे लावून घ्या, त्यासाठी एक छोटा मोड्यूल असतो. सध्या मोठ्या टायरमुळे काटा ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६४ ला असता, नवीन अॅक्सलवर उलटं होईल, ६० ला असताना ६८ च्या आसपास दाखवेल. टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअपही कॉम्प्युटर त्याच सिग्नलवर ठरवतो, तेव्हा चालढकल नको.

शेवीस्वार

हे जमण्यासारखं आहे. यार्डाच्या ऑनलाइन यादीत या पिढीच्या बऱ्याच दिसतायत. स्टिकर फाटलेला असेल तर कसं ओळखू?

जुनालोखंड

स्टिकर धड असला तरी त्याच्यावर विसंबू नका, तीस वर्षांत कोणी अॅक्सल बदललेला असू शकतो. मागचं कव्हर उघडायचं, तसंही आतली हालत बघायलाच हवी, तेलात चमकी किंवा लोखंडाचे तुकडे दिसले तर सोडून द्या. क्राउनचे दात मोजा, पिनियनचे मोजा, भागाकार करा. ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. ४० आणि १३ निघाले तर तो तुमच्यासारखाच ३.०८. दातांवर आकडे कोरलेले असतात बऱ्याचदा, चिंधीने पुसलं की दिसतात. आणि कव्हरचं नवीन गॅस्केट आणि गिअर ऑइल आधीच आणून ठेवा, अॅक्सल जमिनीवर असतानाच सील बदलून घ्या. जी८० निघाला तर कंपनीने सांगितलेलंच तेल घाला, घर्षण कमी करणारं अॅडिटिव्ह त्यात घालायचं नाही.

शेवीस्वार

नोंद केली. शनिवारी जॅक आणि ब्रेकर बार घेऊन निघतोय, दात मोजून इथेच टाकतो.